सरकारी घर म्हंजे मालकीचंच का? भाड्याचं का न्हाई?

खानापूरचा_पोरगा:
मी खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, अनगोळात भाड्यानं राहतोय. घरकुलाची चौकशी केली तर गावात वडिलांचं पक्कं घर हाय का तेच आधी विचारतात, पण काम तर इथं हाय की! त्यात मालक डिपॉझिट वाढवून मागालाय. बाकीच्या देशांत सरकारच भाड्यानं घरं देतंय म्हणतात, ते चालतंय कसं?

टिळकवाडी_वाचक:
ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना बघा. 1923 ला तिथल्या नगरपालिकेनं घरांवर खास टॅक्स बसवला, मोठ्या घराला जास्त, आणि त्या पैशातून भाड्याच्या चाळी न्हवे, चांगल्या वसाहती बांधल्या. आज पालिकेची सुमारे 2 लाख 20 हजार घरं हाईत आणि ती विकत न्हाईत. उत्पन्नाची अट बरीच वरची ठेवलीय म्हणून मास्तर, क्लार्क, कामगार एकाच जिन्यात राहतात, आणि आत गेल्यावर पगार वाढला म्हणून कुणी बाहेर काढत न्हाई. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण फक्त गरिबांसाठी म्हणून बांधलं की पुढं देखभालीकडं कुणी बघत न्हाई.

वडगाव_मागवाला:
पण भाड्याचं घर कधी आपलं होत न्हाई हो. आमचा माग घरातच, मालकानं खाली करा म्हटलं की धंदाच उचलून न्यायचा. सिंगापूरला सरकारनं लोकांना घरं विकली, 80 टक्के लोक सरकारी इमारतीत, ते चांगलंच झालं की.

टिळकवाडी_वाचक:
दादा, तुमचं दुखणं घर खाली करायच्या भीतीचं हाय, आणि व्हिएन्नात पालिकेचा करार बेमुदत असतो. सिंगापुरात पण मालकी म्हंजे 99 वर्षांची लीज. विकायचं काम ब्रिटनमध्ये उलटं पडलं, 1980 च्या कायद्यानं सरकारी घरांतल्या भाडेकरूंना मोठ्या सवलतीत तीच घरं विकत दिली, घेणाऱ्यांचं भलं झालं हे खरं, पण कौन्सिलनी, म्हंजे तिथल्या पालिकांनी, त्यांच्या बदली तेवढी घरं बांधली न्हाईत, आणि त्यातली बरीच आज खाजगी मालक चढ्या भाड्यानं देतात. स्कॉटलंडनं 2016 ला ती विक्री बंद केली.

चिकोडी_वकील:
आपल्याकडं अगदी काहीच न्हाई असं न्हवे. 2020 ला लॉकडाऊनमध्ये मजूर चालत गावी गेले, त्यानंतर केंद्रानं भाड्याच्या घरांची स्कीम आणली, रिकामी पडलेली सरकारी घरं चंदीगड, सुरतला भाड्यानं दिली. 2024 च्या आवास योजनेतपण भाड्याचा वेगळा भाग हाय. 2021 च्या मॉडेल टेनन्सी कायद्यात, म्हंजे केंद्रानं राज्यांना दिलेल्या भाडे कायद्याच्या नमुन्यात, राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, पण राज्यानं आपला कायदा तसा केला तरच त्याचा उपयोग, म्हणून आत्ता मालकाशी बोलताना त्यावर विसंबू नका, लेखी करार करून घ्या.

खानापूरचा_पोरगा:
करार तोंडीच हाय वकीलसाहेब, या महिन्यात करून घेतो. कारखान्यांना आपल्या जागेत अशी घरं बांधता येतात काय?

चिकोडी_वकील:
येतात की. 2020 च्या स्कीममध्ये तीच सोय होती, मोकळ्या जागेवर बांधायचं आणि 25 वर्षं भाड्यानंच द्यायचं. नव्या योजनेचे नियम काढून तुमच्या युनियनला दाखवा, त्यांनी कारखान्याच्या मालकांकडं विषय काढला तर वजन पडेल.