पोरीचा प्रोजेक्ट अन् ते बिना प्लास्टरचं काँक्रीट

इतवारीकर:
पोरगी आर्किटेक्चरला आहे, तिला एर्नो गोल्डफिंगर या आर्किटेक्टवर प्रोजेक्ट मिळाला. लंडनमधल्या त्याच्या उघड्या काँक्रीटच्या उंच बिल्डिंगी मोबाईलवर दाखवून राहिली अन् म्हणते, बाबा हे सगळं साध्या लोकांना चांगलं घर मिळावं म्हणून होतं. मले तर पाहूनच घाम फुटला. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी चटका बसते, कूलरही गरम हवा फेकते. हे खरंच होतं का नुसतं पुस्तकी?

स्लॅबखालचा:
खरं होतं काका. युद्धानंतर तिकडं घरांची बोंब होती, सरकारी भाड्याची घरं धडाधड बांधत होते. त्यातला गोल्डफिंगरचा लंडनमधला बाल्फ्रन टॉवर २६ मजली, १९६७ चा. १९६८ मध्ये गोल्डफिंगर बायकोला घेऊन तिथंच सर्वात वर दोन महिने भाडं देऊन राहिला, शेजाऱ्यांना घरी बोलावून शॅम्पेन पाजली अन् काय त्रास आहे ते विचारलं. दोनच लिफ्ट, ताटकळावं लागते, हे कळलं तर त्याच्याच पुढच्या ट्रेलिक टॉवरमध्ये तीन केल्या. आपल्याकडं पझेशन दिल्यावर बिल्डर फोन उचलते का?

रिकामटेकडी:
दोन महिने राहून लंडनमधल्याच हॅम्पस्टेडच्या स्वतःच्या घरी गेलाच ना पण! अन् आता त्या बाल्फ्रनमधून जुने भाडेकरू बाहेर काढले, फ्लॅट नव्यानं करून खुल्या बाजारात काढले. ज्याला लोक नाकं मुरडायचे तेच आता फॅशन झालं, गरिबाला काय मिळालं मग?

साईटवरचा:
ताई तो दोष काँक्रीटचा नाही. लिफ्टचा टॉवर वेगळा काढून दर तिसऱ्या मजल्यावर पुलानं जोडला, म्हणजे खडखडाट बेडरूममध्ये येत नाही, इतका विचार कोण करते सरकारी घरासाठी? ट्रेलिकही आधी बदनाम होती, नंतर रहिवाशांनीच मागे लागून दारावर माणूस बसवून घेतला तेव्हा सुधारली.
इतवारीकर काका, तुमचं दुखणं वेगळं आहे. स्लॅब दिवसभर ऊन पिते अन् रात्री ओकते. अन् पोपडे पडत असतील तर सळईला कव्हर, म्हणजे तिच्यावरचा काँक्रीटचा थर, कमी ठेवलं असेल, पाणी शिरलं, सळई गंजून फुगली की काँक्रीट फोडते. माझ्या पहिल्या साईटवर सळईखाली तेवढी जागा सोडायला जे कव्हर ब्लॉक ठेवतात त्याच्या जागी गिट्टी ठेवत होते, मी पण गप्प बसलो, काय बोलू.

इतवारीकर:
पोपडे तर पडतातच राजा, मागच्या महिन्यात देवघरासमोर पडला. उन्हासाठी गच्चीला चुना मारू म्हणतो, किती हात?

साईटवरचा:
पोपडा आधी पाहून घ्या, लोंबत असेल तर ठोकून पाडा. चुना तीन हात, त्यात थोडं फेविकॉल टाका नाहीतर पहिल्याच पावसात धुऊन जाते.