व्हीएफडी बोअरच्या मोटरवर बसवावा की शेततळ्यावरच्या?

सांगोल्याचा बागायतदार

नमस्कार. सांगोला तालुक्यात माझी डाळिंबाची बाग आहे. बोअरमध्ये 7.5 एचपीची थ्री फेज सबमर्सिबल मोटर असून तिची केबल साधारण 500 फूट आहे. बोअरचे पाणी कधी थेट ठिबकला देतो, कधी शेततळ्यात सोडतो, आणि शेततळ्यावर 5 एचपीचा मोनोब्लॉक (मोटर व पंप एकत्र असलेला) आहे. सर्व प्लॉट एकदम चालू असले की दाब बरोबर राहतो, पण एकच प्लॉट चालवायचा झाल्यास दाब इतका वाढतो की लॅटरलचे (ठिबकच्या नळ्यांचे) ग्रोमेट, म्हणजे जोडावरची रबरी कडी, निघून येतात, म्हणून बायपास उघडून पाणी परत सोडावे लागते. बोअरच्या मोटरवर व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला तर वीज निम्मी लागेल आणि कमी व्होल्टेजचा त्रासही संपेल, असे विक्रेता सांगतो. आमचे मोटर वाइंडिंगवाले मात्र म्हणतात की ड्राइव्हवर सबमर्सिबल जळते. नेमके काय करावे आणि कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

देखभाल विभाग, चिंचोळी एमआयडीसी

आधी वेग कमी केल्यावर पंपाचे काय होते ते पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर तिथेच आहे. पाण्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात कमी होतो, परंतु पाणी वर चढवण्याची ताकद, म्हणजे हेड, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. उदाहरण म्हणून असे धरू की व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना आपला पंप 50 हर्ट्झला 500 फूट हेड देतो. 40 हर्ट्झला तेच हेड 320 फुटांवर येते. पाण्याची पातळी 300 फुटांवर असेल आणि फिल्टरपाशी 2 किलो दाब हवा असेल, म्हणजे आणखी 65 फूट, तर पाइपमधील घर्षण न धरताही 365 फूट हेड लागते. म्हणजेच 43 हर्ट्झच्या खाली मोटर फिरत राहील, वीज घेईल आणि ठिबकला थेंबही देणार नाही. सबमर्सिबल मोटर तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड होत असल्यामुळे, पाणी न उचलता फिरणे हे तिच्यासाठी सर्वांत घातक असते.

कमी व्होल्टेजबद्दलचा दावाही याच गणिताने तपासावा. ड्राइव्ह आलेल्या व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज मोटरला देऊ शकत नाही. लाइनवर 415 ऐवजी 340 व्होल्ट आले, तर मोटरवर जादा करंटचा भार न येऊ देता तिला फार तर 41 हर्ट्झपर्यंत चालवता येईल, आणि वरच्या उदाहरणातील बोअरला 41 हर्ट्झ पुरत नाहीत.

शेततळ्यावरचा मोनोब्लॉक ही मात्र ड्राइव्हसाठी अगदी योग्य जागा आहे. तिथे उंचीचा चढ थोडा आणि बहुतेक हेड पाइप, फिल्टर व ड्रिपरचे असते, त्यामुळे वेग कमी केला तरी पाणी येत राहते. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून 40 हर्ट्झला ती जवळपास निम्मी होते. विक्रेत्याने सांगितलेली बचत इथे मिळू शकते.

मोटर वाइंडिंग, अक्कलकोट रोड

वाइंडिंगवाल्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे, ते उडवून लावू नये. ड्राइव्ह मोटरला गुळगुळीत एसी देत नाही. आत येणाऱ्या 415 व्होल्टचे तो सुमारे 590 व्होल्ट डीसी करतो आणि त्याचेच तुकडे सेकंदाला हजारो वेळा केबलवर सोडतो. केबल लांब असली की हे तुकडे मोटरच्या टोकाशी आदळून परत फिरतात, आणि तिथे व्होल्टेज दुपटीपर्यंत, म्हणजे 1,100 ते 1,200 व्होल्टच्या घरात जाते. पाण्यात बुडालेल्या वाइंडिंगला हा मार सतत बसला की बहुधा पहिल्या काही वेढ्यांतच शॉर्ट सापडतो, बाकीची तार चांगली असते.

त्यामुळे बोअरवर ड्राइव्ह बसवायचाच असेल तर 500 फूट केबलसाठी ड्राइव्हच्या बाहेर साइन फिल्टर (हे तुकडे गुळगुळीत करणारा) घ्यावा आणि फिल्टरच्या कंपनीने सांगितलेलीच कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे तुकडे करण्याचा वेग, ठेवावी. किमान फ्रिक्वेन्सी कधीही 30 हर्ट्झच्या खाली नसावी आणि सुरू होताना मोटर थोड्याच सेकंदांत तिथवर पोचावी, कारण मोटरचा उभा भार पेलणारे थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर फिरते आणि हळू वेगात तो थर तयारच होत नाही. ड्राइव्ह एचपी पाहून घेऊ नये. सबमर्सिबलचा करंट त्याच एचपीच्या जमिनीवरच्या मोटरपेक्षा जास्त असतो, म्हणून नेमप्लेटवरचे अँपिअर पाहूनच निवड करावी.

सांगोल्याचा बागायतदार

दोघांचेही आभार. बोअर आहे तशीच ठेवून मोनोब्लॉकवर ड्राइव्ह बसवावा असे ठरवत आहे. सध्याच्या पेटीत स्टार्टर, कपॅसिटर आणि ऑटो स्विच (लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा) आहे. ते तसेच ठेवून पुढे ड्राइव्ह जोडला तर चालेल का? पेटी बांधावर उघड्यावर आहे.

देखभाल विभाग, चिंचोळी एमआयडीसी

कपॅसिटर काढून टाकावा; ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये तो राहिला तर ड्राइव्हच्या आतले भाग जळतात, आणि पॉवर फॅक्टरसाठी आता त्याची गरजही नाही. स्टार्टरही मध्ये नको. ड्राइव्हच्या आधी मात्र कुलूप लावता येईल असा आयसोलेटर (लाइन तोडणारा मुख्य स्विच) अवश्य बसवावा.

ऑटो स्विचबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. शेतीची लाइट रात्री-अपरात्री जाते आणि येते. ड्राइव्हमधील आपोआप सुरू होण्याची सोय चालू असेल आणि त्याच वेळी कोणी शाफ्टला किंवा टर्मिनलला हात लावलेला असेल, तर लाइट येताच जीव जाऊ शकतो. म्हणून ती सोय बंदच ठेवावी. चालू ठेवायचीच असेल तर कामाआधी आयसोलेटर बंद करून कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. शिवाय लाइट गेली म्हणजे ड्राइव्ह निर्धोक झाला असे नाही. आतील डीसी कपॅसिटरमध्ये काही मिनिटे जीवघेणे व्होल्टेज शिल्लक राहते. झाकणावर लिहिलेला वेळ थांबून, मीटर डीसीवर ठेवून डीसी बसच्या टर्मिनलवर व्होल्टेज उतरल्याची खात्री करूनच हात घालावा. मोटरचे मेगर (इन्सुलेशनची तपासणी) करताना तिच्या तिन्ही तारा ड्राइव्हपासून सोडवाव्यात, नाहीतर मेगरचे व्होल्टेज ड्राइव्हलाच मारते. ड्राइव्हची आणि मोटरच्या बॉडीची अर्थिंग जाड तारेने खड्ड्यापर्यंत न्यावी. पाइपला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे.

दाब मोजून ड्राइव्हला कळवणारा ट्रान्समीटर फिल्टरच्या पुढे बसवावा म्हणजे प्लॉट बदलला तरी ठिबकला दाब सारखा मिळेल. एक अडचण लक्षात ठेवावी: फिल्टर तुंबू लागला की ड्राइव्ह गुपचूप वेग वाढवून दाब भरून काढतो, म्हणून फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे गेज पाहूनच बॅकवॉश करावा. सर्व व्हॉल्व्ह बंद राहिल्यास मोटर थांबेल अशी स्लीपची सोय आणि पाणी संपल्यास ड्राय रनचे संरक्षण, दोन्ही चालू करून घ्यावे.

मोटर वाइंडिंग, अक्कलकोट रोड

बांधावरची पत्र्याची पेटी मात्र चालणार नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा चाळिशीच्या पुढे जातो, उन्हातल्या बंद पेटीत त्याहून कितीतरी जास्त. ड्राइव्ह किती अंश तापमानाला पूर्ण करंट देतो ते माहितीपत्रकात पाहून, गरज असल्यास एक माप मोठा घ्यावा. पंपाच्या खोलीत, उन्हाकडे पाठ असलेल्या भिंतीवर, वर-खाली हवेला जागा सोडून तो बसवावा. पंख्याच्या जाळीतील धूळ दर पाळीला झटकावी आणि केबलची भोके ग्लँडने बंद करावीत, कारण पाली व मुंग्या ऊब शोधत थेट टर्मिनलपर्यंत पोचतात.