24 लाइनच्या टिच बटणासाठी प्रेस: हातोडी सोडायची तर काय घ्यावं?

मेणदोरा

पट्टे, नाण्यांची पाकिटं आणि खांद्याला लावायच्या छोट्या पिशव्या असं काम आहे. आठवड्याला 150 ते 200 टिच बटणं बसवावी लागतात, बहुतेक 24 लाइनची, पाकिटांना 20 लाइनची. सध्या ठोकायचा पंच, खोलगट ऐरण आणि हातोडी. दहातली एक-दोन बटणं वाया जातात: कधी टोपी चपटी होते, कधी खुंट (चामड्यातून आरपार जाणारी पोकळ नळी) आडवा पडतो, कधी बटण बसल्यासारखं दिसतं पण बोटाने गरागरा फिरतं. पाकिटाचं चामडं 1.2 मिमी, क्रोमवर कमावलेलं, दोन थर चिकटवून. पट्ट्याचं 3.5 मिमी, हिरडा-बाभळीवर कमावलेलं.

समोर चार पर्याय आहेत: पकडीसारखा हातप्रेस, टेबलावर बसवायचा लिव्हरचा प्रेस, 1 टनी रॅक-पिनियनचा (दातेरी दांडा आणि चक्राचा) आर्बर प्रेस आणि पायाचं मशीन. यातलं काय घ्यावं? एकाच्या डाय (बटण दाबणारे वरचे-खालचे साचे) दुसऱ्याच्या प्रेसला बसतात का? आणि घसा, म्हणजे डायच्या मध्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर, किती हवं?

रापी

प्रेस शेवटी निवडा. आधी बटण पक्कं करा, मग त्या बटणाची डाय, आणि ती डाय ज्यात सरळ उभी राहील तो प्रेस. उलट्या क्रमाने गेलात तर चांगला प्रेस घेऊनही टोप्या चपट्याच होत राहतील. टोपी बहुतेक वेळा जास्त जोर लावल्याने चपटी होत नाही, खालची डाय तिला नीट झेलत नाही म्हणून होते.

लाइन हे फक्त टोपीच्या व्यासाचं माप. 40 लाइन म्हणजे 1 इंच, त्यामुळे 20 लाइनची टोपी 12.7 मिमी आणि 24 लाइनची 15.2 मिमी. टोपीला फुगवटा किती, खुंट किती जाड, वाटी किती खोल, यातलं काहीच लाइन सांगत नाही. म्हणून "24 लाइनची डाय द्या" एवढं म्हणून डाय घेऊ नका. ज्या बटणांवर पुढचं वर्षभर काम करणार आहात त्यांतली दहा सोबत न्या आणि दुकानातच जुळवून बघा.

बटणाचे भाग चार. वरच्या झडपेवर टोपी (खुंट तिलाच असतो) आणि आतून स्प्रिंगची वाटी. खालच्या भागावर घुंडी आणि तिच्या मागचा खुंटाचा पाया. टोपी-वाटीच्या जोडीला खाली खोलगट डाय लागते आणि वर खुंटाचं तोंड फुलवून बाहेर वळवणारी. घुंडीच्या जोडीला खाली सपाट डाय आणि वर पोकळ, म्हणजे घुंडीची मान मोकळी राहते आणि फक्त मधला खुंट फुलतो. एका मापाला अशा दोन जोड्या, तुम्हाला दोन मापं, म्हणजे चार जोड्या. प्रेसच्या बजेटमध्ये हा खर्च पहिल्यापासून धरा, नंतर जुळवाजुळव करावी लागते.

खोलगट डाय जुळते की नाही ते बघायला टोपीच्या फुगवट्यावर मार्करची शाई लावा आणि ओली असतानाच डायमध्ये बोटाने दाबा. शाई डायभर उमटली तर ठीक. फक्त कडेला कडं उमटलं तर मध्ये पोकळी आहे, तिथे टोपी वर-खाली होणार. नुसता मध्यावर ठिपका आला तर डाय उथळ आहे, टोपी चपटी होणार.

स्प्रिंगचाही विचार करा. वाटीत दोन तारा समोरासमोर दिसल्या तर ती एस-स्प्रिंग. उघडायला हलकी, पाकिटाला योग्य. गोल कडं दिसलं तर रिंग-स्प्रिंग. ती घट्ट धरते, म्हणून पट्टा आणि पिशवीसाठी ती घ्या. पातळ चामड्यावर रिंग-स्प्रिंग लावली तर उघडताना बटणाऐवजी चामडंच ओढलं जातं आणि काही महिन्यांत भोक लांबट होतं. (टिच बटणाचं पेटंट जर्मनीत हेरिबर्ट बाउअर यांनी 1885 साली घेतलं, पण वाटीत स्प्रिंग आली ती 1903 साली, हान्स प्रिम यांच्या कारखान्यात. बटण आज "टिच्" वाजतं ते त्या तारांमुळे.)

बीडऐरण

रापी यांच्या क्रमाशी सहमत. आता यंत्राकडे.

पकडीचा प्रेस यादीतून काढा. त्याचे जबडे कमानीत फिरत एकमेकांवर येतात, त्यामुळे डाय एकाच जाडीला समांतर होतात. त्याहून जाड चामडं घातलं की वरची डाय तिरकी टेकते आणि खुंट आडवा पडतो. कापडावरच्या प्लास्टिकच्या बटणांना चालेल.

आर्बर प्रेस यंत्र म्हणून भक्कम. भोकं पाडायला, ठसे उठवायला घ्याच. पण रॅक-पिनियनला स्वतःचा तळ नसतो, हात थांबेल तिथे तो थांबतो. सकाळचं पहिलं बटण आणि संध्याकाळचं शंभरावं यांत फरक पडतो तो इथे. शिवाय त्याच्या रॅममध्ये, म्हणजे वर-खाली होणाऱ्या दांड्यात, बटणाची डाय थेट बसत नाही. लेथवाल्याकडून रॅमच्या तोंडाला भोक आणि आडवा स्क्रू करून घ्यावा लागतो. एवढं केलंत तर रॅमवर अडवणारी कॉलरही बसवून घ्या, मग तो बटणाला चालतो.

तुमच्या कामाला टेबलावरचा लिव्हरचा प्रेस, आणि त्यातही टॉगल जोडणीचा किंवा एक्सेंट्रिकचा (मध्य सोडून फिरणाऱ्या चकतीचा). टॉगल गुडघ्याच्या सांध्यासारखी सरळ होत जाते. शेवटच्या एक-दोन मिलिमीटरला रॅम अगदी हळू सरकतो आणि जोर सगळ्यात जास्त येतो, नेमका खुंट वळायच्या वेळी. आणि तो दर वेळी त्याच जागी थांबतो. दोनशे बटणं सारखी हवी असतील तर महत्त्व याला आहे. विकणारे टन सांगतात, पण 20-24 लाइनच्या पितळी बटणाला हाताच्या लिव्हरचा जोर पुरतो.

घसा: पट्ट्याच्या टोकाला 4 सेमी भरपूर. पिशवीची घुंडी समोरच्या भागावर शिलाईच्या आधी बसवली, म्हणजे चामडं सपाट असतानाच, तर 8 ते 10 सेमीत भागतं. तयार पिशवीवर बटण बसवायचा हट्ट धरला तर कितीही घसा कमी पडेल. खोल घसा फुकट मिळत नाही: खांब लांब गेला की दाबताना तोंड उघडतं आणि डाय तिरकी होते. म्हणून ओतीव बिडाचा जाड सांगाडा बघा, वाकवलेल्या पत्र्याचा नको.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. लिव्हर पूर्ण खाली ठेवून वरची डाय चिमटीत धरा आणि हलवा. हाताला खटखट जाणवली तर तो प्रेस सोडा. मग दोन सपाट डायमध्ये पांढरा कागद आणि कार्बन ठेवून हलकेच दाबा. पूर्ण वर्तुळ उमटलं तर सरळ आहे. अर्धचंद्र उमटला तर वरची डाय अर्धा फेरा फिरवून पुन्हा दाबा. चंद्र फिरला तर दोष डायमध्ये, ती बदलून मागा. चंद्र जागचा हलला नाही तर दोष प्रेसमध्ये, आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

डायची अदलाबदल: कुणाचा दांडा गुळगुळीत असतो आणि अॅलन स्क्रूने आवळायचा, कुणाला आटे असतात, आणि आट्यांची मापंही वेगवेगळी. व्हर्नियरने दांड्याचा व्यास मोजल्याशिवाय दुसऱ्या दुकानातून डाय आणू नका. डायचा बाहेरचा व्यासही तेव्हाच मोजा. तो टोपीपेक्षा मोठा असतो आणि शेजारची शिलाई चेपतो. 24 लाइनचं बटण असेल तर भोकाचा मध्य कडेपासून निदान 12 मिमी आत घ्या, शिलाई त्या डायच्या घेराबाहेर.

मेणदोरा

टॉगलचाच बघतो. पट्ट्याची अडचण मात्र राहते. 3.5 मिमी चामड्यातून खुंट जेमतेम 1 मिमी वर येतो. लांब खुंटाची बटणं जवळच्या दुकानात नाहीत. प्रेसने जास्त दाबलं तर चामडं दबून खुंट पुरेल का?

रापी

नाही. दाबल्यावर चामडं दबतं, खुंटाला तात्पुरती पकड मिळते, आणि काही दिवसांनी चामडं पुन्हा फुगून वळलेली कड उघडते. तुमचं गरागरा फिरणारं बटण बहुधा हेच आहे. भोकातून घातल्यावर खुंट चामड्याच्या वर साधारण 2 मिमी दिसायला हवा. कमी असेल तर कड वळत नाही. फार जास्त असेल तर वळण्याआधी मध्येच मुडपतो आणि वाटी एका बाजूला बसते.

पट्ट्याला मागच्या बाजूने, बटणाच्या जागी, 2 सेमी व्यासाचा भाग रापीने (चामडं तासायच्या सुरीने) तासून 2.4 मिमीवर आणा. कडेकडे उतार ठेवा, पायरी नको, नाहीतर पट्टा तिथेच मोडतो. 2.4 असं मुद्दाम म्हणतो, कारण तुमची पाकिटं दोन थरांत तेवढीच होतात. बटणाच्या जागी सगळ्या वस्तूंची जाडी एक ठेवली की प्रेसचा तळ पुन्हा पुन्हा बदलावा लागत नाही. टॉगल प्रेसची ही एकच अट आहे: तो जाडी ओळखत नाही, नेहमी तिथेच थांबतो. जाडी बदलायचीच असेल तर खालच्या डायखाली अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या चकत्या ठेवा आणि कुठल्या वस्तूला किती चकत्या ते प्रेसवरच लिहून चिकटवा.

भोक खुंटाच्या बाहेरच्या मापाचंच पाडा. खुंट बोटाने ढकलून आत जावा, आपोआप पडू नये. सैल भोकात खुंट तिरका उभा राहतो आणि मग प्रेस कितीही सरळ असला तरी उपयोग नाही.

तळ लावताना लिव्हर पूर्ण खाली ठेवून वरची डाय मुद्दाम उंच ठेवा. त्याच जाडीच्या तुकड्यावर एक बटण बसवा, बोटाने फिरवून बघा. फिरतंय, तर डाय पाव फेरा खाली, आणि नवीन बटण. 8 मिमीच्या जाड आट्याची चाल 1.25 मिमी असते, म्हणजे पाव फेऱ्यात साधारण 0.3 मिमी. बटण फिरायचं थांबलं की तिथेच लॉकनट आवळा. "अजून थोडं पक्कं करू" म्हणून पुढे गेलात की वाटीचा तळ बसतो, स्प्रिंगच्या तारांना पसरायला जागा राहत नाही आणि बटण मिटायला अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. घुंडीकडेही तसंच: जास्त दाबली की तिचं डोकं रुंदावतं. पहिली दहा बटणं या शोधात खर्च होतात. ती खर्चू द्या.

खुंटाचं तोंड नीट वळण्याऐवजी पाकळ्यांसारखं फाटलं तर वरच्या डायचं टोक भिंगाखाली बघा. त्यावर ओरखडे किंवा कंगोरा असतो. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. टोकच खुंटाच्या मापाचं नसेल तर डाय बदला.

हिरडा

पट्ट्याच्या चामड्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. हिरडा-बाभळीवर कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. लोखंडी बटण आणि ओल यांच्याशी गाठ पडली की टॅनिनचा निळसर काळा डाग उठतो, टोपीभोवती कड्यासारखा. शाई पूर्वी याच रसायनाने करायचे, म्हणून तो धुऊन जात नाही. बटण घेताना लोहचुंबक सोबत ठेवा आणि टोपी, वाटी, घुंडी, पाया चारही भाग वेगवेगळे तपासा. टोपी पितळेची आणि पाया मुलामा दिलेल्या लोखंडाचा, अशी मिसळ मिळते. कोकणात किंवा मुंबईत विकायचा माल असेल तर चारही पितळेचेच घ्या. पितळ तेला-मेणाशी हिरवट जंगाल धरतं, पण ते सुक्या फडक्याने निघतं. रंग किंवा पाणी लावलेलं चामडं पूर्ण वाळल्याशिवाय बटण बसवू नका.

पायाच्या मशीनबद्दल कुणी बोललं नाही. दोन्ही हात मोकळे राहतात हा त्याचा मोठा फायदा: एका हाताने वाटी, दुसऱ्याने चामडं. दिवसाला शंभराच्या वर बटणं आणि एकच माप असेल तर तेच घ्या. तुमची आठवड्याची 150-200 आणि त्यात दोन मापं, म्हणजे डाय बदलण्यातच वेळ जाईल. आणि विकत घेतलंतच तर डायच्या उघड्या तोंडात बोट शिरणार नाही इतकीच फट ठेवा. हाताच्या लिव्हरला बोट चेपायला लागलं की आपण थांबतो, पायाला ते उशिरा कळतं.

बीडऐरण

दोन मापांसाठी: 24 लाइनची सगळी बटणं सलग बसवा, मग डाय बदलून 20 ची. बदलल्यावर दर वेळी कार्बनचा कागद एकदा, आणि एक बटण रद्दी तुकड्यावर.

घुंडीची जागा मोजपट्टीने आखू नका. टोपी-वाटी आधी बसवा, पाकिटात नाणी भरा, झडप मिटा, वाटीच्या कडेला खडू लावून दाबा. खडूचं कडं उमटेल त्याच्या मध्यावर भोक. रिकाम्या पाकिटावर आखलेली घुंडी भरल्यावर 4-5 मिमी कमी पडते आणि मग सगळा ताण स्प्रिंगवर येतो.

मेणदोरा

आधीच्या वाया गेलेल्या मालातली बटणं काढताना भोक मोठं होतं. काही उपाय?

रापी

पक्कडीने पिळू नका, त्यानेच भोक फाटतं. वाटीच्या आत वळलेली कड दिसते, तिच्यावर खुंटापेक्षा किंचित जाड ड्रिल हळू फिरवा. फक्त ती कड उडवायची, चामड्यापर्यंत जायचं नाही. टोपी फिरू नये म्हणून खाली रबराचा तुकडा ठेवून दाबून धरा. कड गेली की वाटी सुटते आणि टोपी वरून ढकलली की निघते. भोक तरीही सैल झालं असेल तर मागून 1 मिमी चामड्याची 2 सेमीची चकती चिकटवा, तिला नेमक्या मापाचं भोक पाडा, आणि तेवढ्या जागी मूळ चामडं 1 मिमी तासून घ्या, म्हणजे जाडी पुन्हा 2.4 वरच येईल.