मदत हवी आहे: बर्गंडीत तीन दिवस, गाडीशिवाय

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं वाइन चाखायला फ्रान्समधल्या बर्गंडीला जातोय. मुक्काम बोन या गावी, दीजों शहराहून रेल्वेने वीसेक मिनिटं. गाडी घेणार नाही, चाखणं आणि चालवणं एकत्र नको.

वाचून एवढं समजलंय: द्राक्षमळ्यांच्या उताराचे दोन भाग. उत्तरेला कोत द न्वी, तिथे मुख्यतः पिनो न्वार (रेड वाइनचं द्राक्ष), दक्षिणेला कोत द बोन, शार्दोनेसाठी (व्हाइट वाइनचं द्राक्ष) नावाजलेला. बाटलीवर शक्यतो द्राक्षाचं नाही, गावाचं किंवा शेताचं नाव. शेतांच्या प्रतवारीत सर्वात वरची पायरी ग्राँ क्रू, तिच्याखाली प्रीमिए क्रू, मग गावपातळी. घोडं अडतं ते इथे: क्लो द वूजो हा भिंतीने वेढलेला ५० हेक्टरांचा एकच ग्राँ क्रू, पण मालक ८०च्या आसपास. (सातबाऱ्यावर ऐंशी नावं असलेलं वावरच म्हणा ना!) वरच्या उताराची माती वेगळी, खाली रस्त्यालगतची वेगळी, लेबल मात्र एकच.

चार छोट्या उत्पादकांना फ्रेंचमध्ये ईमेल केले. दोघांचं उत्तर नाही, एक फक्त व्यापाऱ्यांना भेटतो, चौथ्याची किंमत आवाक्याबाहेर. एक दिवस बोन ते सांतने सायकलवाटेसाठी राखलाय, पोमार-मर्सोवरून. चाखण्यासाठी माणशी ८० युरोपर्यंत खर्च चालेल. फ्रेंच कामचलाऊ. नवरा शाकाहारी, पण जेवणाचं आम्ही बघून घेऊ. बाटल्या आणायच्या नाहीत.

एकाच उत्पादकाची गावपातळीची आणि प्रीमिए क्रू वाइन शेजारी ठेवून फरक समजावणारी बैठक बोनमध्येच मिळते का, की त्यासाठी कोत द न्वीची व्हॅन-सहलच घ्यावी?