साहेबांच्या सभेला प्रत्यक्ष जावं का? २०१९ ला साताऱ्यात पावसात होते त्यांनी नक्की सांगा

कराडची_लेक

नमस्कार मंडळी, २०२४ ची दिवाळी झाली, विधानसभेचे अर्ज माघारी झाले आणि आता गावाकडं प्रचाराने चांगलाच जोर धरलाय. मी पुण्यात हिंजवडीला नोकरी करते पण मत अजून गावालाच ठेवलंय, मुद्दाम बदललं नाही. या शनिवारी घरी येतेय कारण आमच्या भागात शरद पवारसाहेबांची सभा लागलीय. आमचं घर पहिल्यापासून यशवंतरावांना मानणारं आणि नंतर साहेबांना. पक्ष फुटला, घड्याळ गेलं, तुतारी आली, घरातलं कुणी जागचं हललं नाही. पण मी स्वतः आजवर एकाही सभेला गेलेले नाहीये. आमच्याकडं पुरुष मंडळी टेम्पो भरून जायची आणि आम्ही बायका टीव्हीवर बघायचो, असंच चालत आलंय.

२०१९ ची ती साताऱ्याची सभा मी पण मोबाईलवरच बघितली. ७८ वर्षांचा माणूस धो धो पावसात उभा राहून बोलतोय, छत्री घेत नाही, आणि समोरची माणसं उठत नाहीत. अंगावर काटा आला होता तेव्हा, आज परत बघितलं तरी येतो. पण व्हिडिओत बघणं वेगळं आणि तिथं असणं वेगळं, म्हणून विचारतेय.

ऑफिसमधला एक जण म्हणाला की सभा म्हणजे सगळी भाड्याची गर्दी, पैसे आणि जेवण दिलं की येतात माणसं. मला याचा खूप राग आला कारण आमच्या घरातनं कुणी एक रुपया घेतलेला मी बघितलेला नाही, उलट स्वतःच्या खिशातनं डिझेल टाकून जातात. पण आईसुद्धा म्हणते की मत तर द्यायचंच आहे, मग सभेला जाऊन असं काय वेगळं होणारे. याचं उत्तर मला देता आलं नाही. तर जे मनापासून जातात त्यांनी सांगा, सभेला जाऊन नक्की काय होतं? वहिनीला आणि दोन चुलत बहिणींना पण न्यायचंय, बायकांसाठी सोय कशी असते तेही सांगा.

पाटणखोरे

ताई, मी होतो त्या सभेला. १८ ऑक्टोबर, शुक्रवार, जिल्हा परिषदेचं मैदान. आधी तेव्हाचं वातावरण आठवा म्हणजे कळेल लोक का थांबले. उदयनराजे एप्रिल-मे मध्ये राष्ट्रवादीतनं खासदार म्हणून निवडून आले आणि सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, म्हणून पोटनिवडणूक लागलेली. रोज कोण ना कोण पक्ष सोडून चाललेला, ईडीचं प्रकरण झालेलं, टीव्हीवर सगळे म्हणत होते पवार संपले. आदल्याच दिवशी मोदींची साताऱ्यात मोठी सभा झालेली. आमच्यासारख्या कार्यकर्त्याला चहाच्या टपरीवर बसायची चोरी झाली होती, कुणी ना कुणी डिवचायचंच. तशा मनाने आम्ही गेलो होतो, जिंकायला वगैरे नाही, आपलं माणूस एकटं दिसू नये म्हणून.

पाऊस आला तेव्हा मला खरंच वाटलं आता मैदान रिकामं होणार. थोडी माणसं हलली पण. मग कुणीतरी बसायची प्लास्टिकची खुर्ची उचलून डोक्यावर उलटी धरली आणि बघता बघता सगळीकडं खुर्च्याच खुर्च्या वर. खुर्चीला मागं भोकं असतात त्यातनं पाणी सरळ मानेवर येतं, म्हणजे डोकं कोरडं आणि पाठ चिंब. माझ्या शेजारी एक म्हातारबा होते, फेटा भिजून डोळ्यावर आलेला, त्यांनी खुर्ची नाही काही नाही, नुसते हात बांधून उभे. मी म्हटलं बाबा माझ्या खुर्चीखाली या तर म्हणाले तिकडं ते भिजतायत आणि मी कसा आडोशाला जाऊ. हे वाक्य माझ्या आयुष्यात मी विसरणार नाही.

भाषण तसं फार मोठं नव्हतं. लोकसभेला उमेदवार निवडण्यात माझी चूक झाली, आता २१ तारखेला ती दुरुस्त करायची लोक वाट बघतायत, असं ते बोलले आणि मैदान जे उठलंय ना ताई, माईकचा आवाज बुडाला. एवढा मोठा नेता भर सभेत चूक कबूल करतो, ते मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आमचे उमेदवार श्रीनिवास पाटीलसाहेब शेजारीच, सिक्कीमचे राज्यपाल राहिलेला माणूस, तेही भिजलेले.

पण तुमच्या आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर सभेनंतरचं आहे. आम्ही उंब्रजवरनं पाटणकडं वळलो तेव्हा गाडीत कुणी झोपलं नाही. अंगावरचे कपडे ओले, थंडी वाजत होती, आणि सगळे यादी काढून बसले, कुणाच्या घरी अजून गेलो नाही, कोण मुंबईला माथाडीत आहे त्याला फोन करून बोलवायचं, कुणाची म्हातारी चालत नाही तिला न्यायला कोण येणार. शनिवारी संध्याकाळी प्रचार संपायचा होता, तेवढ्यात आम्ही अख्खी वाडी परत फिरलो. त्याआधीच्या दोन आठवड्यांत आम्ही तेवढं काम केलं नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत जे दार किलकिलं करून बोलायचे ते आत बोलवून चहा पाजत होते, कारण त्यांनी पण मोबाईलवर बघितलेलं होतं, आणि आम्ही तिथं होतो म्हटल्यावर सगळं नीट सांगा म्हणायचे. ८७ हजाराच्या वर मतांनी पाटीलसाहेब आले. टीव्हीवाले म्हणतात पावसाने निवडणूक फिरवली. मला वाटतं पावसाने आम्हाला फिरवलं आणि आम्ही घरं फिरलो.

तुम्ही जाच. मैदानात आपल्यासारखीच माणसं दिसतात तेव्हा मनातला एकटेपणा जातो, मोबाईलवर हे होत नाही.

शाहूनगरीकर

मी समोरच्या बाजूचा, महाराज साहेबांचा म्हणजे उदयनराजेंचा कार्यकर्ता, तेव्हा पण आणि आज पण. वरचं सगळं वाचलं, म्हातारबांचं वाक्य मनाला लागलं, अशा माणसाला माझा रामराम. मी आदल्या दिवशी मोदीजींच्या सभेला होतो, ती गर्दीसुद्धा भाड्याची नव्हती ताई, तुमच्या ऑफिसच्या मित्राला हे पण सांगा. महाराज साहेबांनी कॉलर उडवली की आमच्याकडची पोरं जी वेडी होतात त्याचे पैसे कुणी देत नाही, छत्रपतींच्या गादीवरचं प्रेम आहे ते.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ च्या त्या मतदानादिवशी दोन मशीन होत्या, एक लोकसभेची पोटनिवडणूक आणि एक विधानसभा. त्याच साताऱ्यात, जिथं ते मैदान आहे, विधानसभेला शिवेंद्रराजे भाजपकडनं निवडून आले. कोरेगावला राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे पडले, आणि पाटणखोरे दादा तुमच्या पाटणला पण शिवसेनेचे शंभूराज देसाईच आले की नाही? म्हणजे तोच मतदार एका मशीनवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं बटण दाबून आला. लोक सभेला भारावतात पण मत देताना माणूस, काम, गावातली भांडणं सगळं बघून देतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. या वर्षी लोकसभेला महाराज साहेब ३२ हजाराच्या वर मतांनी निवडून आले. मग सभा फुकट जाते का, तर अजिबात नाही. २०१९ ला हरल्यावर आम्ही कार्यकर्ते पार खचलो होतो, आणि या वेळी पहिल्या सभेला जेव्हा जुने सगळे चेहरे परत दिसले तेव्हा मला कळलं की आता लढता येईल. नेता काय बोलला त्यातलं मला आज फारसं आठवत नाही. कोण कोण आलं होतं ते मात्र नावानिशी आठवतं.

या वेळी आमच्याकडच्या सभांना बायका पुरुषांपेक्षा जास्त दिसतायत, लाडक्या बहिणीचे १५०० जमा झाले त्या स्वतःहून येतायत, शेवटपर्यंत बसतायत. तेव्हा तुम्ही पण जा, तुमच्या सभेला जा, बिनधास्त जा. फक्त येता-जाता रस्त्यात आमच्या गाड्या भेटल्या तर घोषणा देऊन अंगावर येऊ नका, आम्ही पण येणार नाही. निकालानंतर एकाच बाजारात भेटायचंय.

कोरेगावची_वहिनी

ताई मी बूथचं काम करते, त्यामुळे बायकांचं विचारलंय ते मी सांगते. पुढच्या बाजूला बॅरिकेड लावून महिलांचा वेगळा भाग केलेला असतो, पण तो लवकर भरतो, त्यामुळे पोस्टरवर ४ ची वेळ असेल तर साडेतीनपर्यंत आत बसा. नेता ४ ला येणार नाही हे धरूनच चाला, दिवसात तीन-चार सभा असतात, पहिली लांबली की पुढच्या सगळ्या लांबतात. तोवर स्थानिक पुढाऱ्यांची भाषणं. घरनं खाऊन निघा, पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल घ्या. नोव्हेंबर असला तरी दुपारचं ऊन लागतं, खारघरला एप्रिल २०२३ मध्ये उन्हात बसून किती माणसं गेली ते आपण बघितलंय, तो सरकारी कार्यक्रम होता पण ऊन सगळ्यांना सारखंच. सभा संपताना लगेच उठून गेटकडं जाऊ नका, नेत्याची गाडी निघेपर्यंत गेटवर रेटारेटी होते, दहा मिनिटं बसून राहा आणि मग निवांत बाहेर पडा. मुलींना आधीच सांगून ठेवा की चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, रेंज जाते तिथं.

आणि वहिनी झेडपीच्या शाळेत किंवा कुठल्या सरकारी नोकरीत असतील तर त्यांना नेऊ नका बाई. सरकारी नोकरीतल्यांना प्रचारात भाग घेता येत नाही, एक फोटो व्हॉट्सअपवर फिरला तरी त्यांना त्रास.

आता माझ्या मनातलं. लोकसभेला आमच्या शशिकांत शिंदेसाहेबांच्या सभा काय कमी झाल्या का? तुताऱ्या वाजल्या, मैदानं भरली. आणि निकाल आला तेव्हा कळलं की पिपाणी चिन्ह असलेल्या एका अपक्षाला ३७ हजार मतं पडलीत, आणि आम्ही हरलो ३२ हजाराने. आमचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि मशीनवर पिपाणीचं नुसतं चित्र, तिलाही मराठीत तुतारीच म्हटलेलं. आमच्याच आळीतली एक आजी मत देऊन हसत हसत आली, म्हणाली तुतारीवर शिक्का मारला गं. मी विचारलं माणूस होता का चित्रात? ती म्हणाली, कसला माणूस? मला तिथं पायरीवर बसायला झालं. ती आजी आमची हक्काची, भर उन्हात चालत आलेली, आणि मत गेलं कुठं. सभेत आवाज ऐकू येतो पण मशीनवर चित्र बघून बटण दाबायचं असतं, हे आम्ही सगळ्यांनी तेव्हा पुरेसं सांगितलं नाही असं मला फार वाटतं.

म्हणून तुम्हाला विनंती, सभेला जा, खूप ओरडा, घोषणा द्या, आणि घरी आल्यावर चिन्हाचा कागद घेऊन आजूबाजूच्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांकडं जा. फेटा बांधलेला माणूस दाखवा. बोट ठेवून दाखवायला सांगा, नुसतं हो म्हणाल्या तर सोडू नका.

कराडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, पाटणखोरे दादांचं वाचताना डोळ्यात पाणी आलं. वहिनी माझी खाजगी पतपेढीत आहे त्यामुळे तिला अडचण नाही, येतेय ती. आईला शाहूनगरीकरांचं आणि कोरेगावच्या वहिनींचं सगळं फोनवर वाचून दाखवलं, ती स्वतः सभेला येत नाही म्हणाली पण आजीबायांकडं चिन्ह दाखवायला मी येते म्हणाली, आळीत तिचं सगळे ऐकतात.

एक राहिलं, आम्ही स्वतःची गाडी घेऊन जातोय, गाडीला पक्षाचा झेंडा लावला तर चालतो का? आणि चिन्ह दाखवायचं काम २० तारखेच्या सकाळपर्यंत करता येईल का?

कोरेगावची_वहिनी

झेंडा लावायच्या आधी तुमच्या बूथप्रमुखाला विचारा. प्रचाराच्या गाडीला परवानगी लागते आणि तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरतात, विधानसभेला मर्यादा ४० लाखाची आहे आणि सभेत कॅमेरा घेऊन माणसं फिरत असतात, खुर्च्यांपासून सगळं मोजतात. आपल्या हौसेपायी उमेदवाराला नोटीस नको. झेंडा हातात घ्या, गळ्यात उपरणं घाला.

चिन्हाचं काम सोमवारी १८ ला संध्याकाळी ६ च्या आत उरका, तेव्हा जाहीर प्रचार थांबतो. २० ला सकाळी केंद्राजवळ चिन्ह घेऊन फिरलात तर गुन्हा आहे, तिथं फक्त म्हातारीचा हात धरून रांगेपर्यंत न्या. शनिवारी सभेला आलात की महिलांच्या भागात डाव्या बाजूला बघा, आमच्याकडची एक गाडी येणारे, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या आहेत, येऊन बसा आमच्यात.

पाटणखोरे

आणि ताई, या वेळी पण ढग दिसले तर खुर्ची सोडू नका.