आधी बीपी की आधी किडनी?

'आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या जनुकांतच बीपी असतं, त्यानेच त्यांची किडनी जाते' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. जनुकांचा वाटा आहेच, पण पुष्कळ जणांत क्रम उलटा असतो: आधी किडनी बिघडते, मग बीपी चढतं. २०१० साली एपीओएल१ या जनुकाची दोन बदललेली रूपं किडनीच्या आजाराशी जोडली गेली. पश्चिम आफ्रिकी मुळाच्या लोकांत ती बरीच आढळतात, युरोपीयांत जवळजवळ नाहीतच.

या जनुकाचं प्रथिन रक्तात फिरतं आणि निद्रारोगाच्या परजीवीला भोकं पाडून मारतं. काही परजीवींनी त्यावर तोड काढली, तेव्हा बदललेली रूपं उपयोगी पडली. हा रोग पसरवणाऱ्या त्से-त्से माशीच्या मुलखात हे वरदानच! पण आई आणि वडील दोघांकडूनही असं रूप आलं, की किडनीच्या गाळण्या खराब होण्याचा धोका वाढतो. तरीही अशी दोन रूपं मिळालेल्यांपैकी बहुतेकांची किडनी शाबूत राहते, म्हणून सरसकट 'वंश' म्हणणं मला खुपतं. नुसता रंग बघून 'बीपीमुळे किडनी गेली' असा शेरा कागदावर पडला, की खरं कारण शोधायचंच राहतं. बीपीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, आणि गाळण्या खराब झाल्याची खूण असलेलं लघवीतलं प्रोटीन कुणी एकदाही तपासलेलं नाही.