लायलॅक: पानं भरपूर, फुलं मोजकीच. छाटणी कधी करावी?

परसबाग_एनजे: न्यू जर्सीत घरामागे लायलॅकचं जुनं झुडूप आहे, आठेक फूट उंच. पाला गच्च, पण तुरे अगदी शेंड्याला दोन-चारच. माळी दर ऑक्टोबरात छाटतो. भोवती लॉन आहे. जाणकारांनी सांगा.

खुरपं: ऑक्टोबरातली छाटणी आधी थांबवा. लायलॅक पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतं. फांदीच्या टोकाला जोडीने बसलेले फुगीर डोळे दिसतात ना, तेच मे महिन्यातले तुरे. शरदात शेंडे कापले की फुलं कचऱ्यात गेली.

कात्री लावायची ती तुरे सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांत. सुकलेला तुरा काढताना त्याच्या लगेच खालचे दोन फुटवे जपा, पुढचं फूल त्यांच्यावरच येणार.

झुडूप जुनं आहे म्हणताय, तर सर्वांत जाड खोडांपैकी एक तृतीयांश यंदा जमिनीलगत कापा, बाकीची पुढच्या दोन वर्षांत. बुडातून येणाऱ्या कोंबांतले चार-पाच जोमदार ठेवा. रोप कलमी असेल तर मात्र कलमाच्या खालून फुटलेलं सगळं काढा, ते खुंटाचं (ज्या झाडावर कलम बांधलं त्याचं) असतं. वरून कुंपणासारखं सपाट कातरू नका, फुलं शेंड्यालाच राहतात आणि बूड उघडं पडतं.

सावलीत_ऊन: लॉनचं खत बुंध्यापर्यंत जातंय का, तेही बघा. नत्र जास्त झालं की नुसता पाला. किमान सहा तास थेट ऊन हवं. मातीचा सामू (pH) ६.५ ते ७ चांगला. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते. आम्ल निघाली तरच चुना घाला, अंदाजाने नको.

मीरा_पुणे: पुण्यात गच्चीवर जगेल का?

खुरपं: नका लावू. डोळे उघडायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती पुण्यात नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्यांनी ‘लॅव्हेंडर लेडी’ बघावी, सौम्य हिवाळ्यासाठीच काढलेली जात आहे.

परसबाग_एनजे: ऑगस्टात पानांवर पांढरी पूडही येते.

सावलीत_ऊन: भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. दिसते वाईट, पण झाड सहसा मरत नाही. आतली गर्दी विरळ करा, पाणी बुडाशी द्या, गळलेली पानं उचला. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर तो खोडकिडा, त्याची जास्त काळजी करा: ते खोड भोकाच्या खालून कापून लगेच बागेबाहेर टाका.